जुनी आरएक्स १००: स्वतः करू की गॅरेजला देऊ?

राजेहो, मदत हवी आहे. १९९५ची यामाहा आरएक्स १०० घेतली, एमएच ३१ म्हणजे आपल्या नागपूरचंच पासिंग. पंधरा वर्षांनंतरचं आरसीचं पाच-पाच वर्षांचं रिन्युअल झालेलं, कागदपत्रं चोख. गाडी मात्र तशी नाही. साइड पॅनल काढलं तर वायरिंगला जागोजागी काळी टेप. टाकीत टॉर्च मारला तर तळाशी गंज. कॉक उघडला की पेट्रोल काळ्या चहासारखं येतं.

सीट, हॅण्डल अन् रंग बदलायचाय. सायलेन्सर ओरिजिनलच ठेवणार, घरचे आधीच वैतागलेत. कार्ब्युरेटर, ब्रेक शू, चेन-स्प्रॉकेट मी घरीच करतो. रंगाचं मात्र धाडस नाही. मानेवाड्याला गच्चीवर भर मे महिन्यात मडगार्डला प्रायमर मारला, धूळ बसून त्याचा सॅण्डपेपर झाला!

महालातला एक गॅरेजवाला सगळ्याचे ३५ हजार म्हणतो. गाडीच ५५ला पडली हो.

रंग अन् वायरिंग बाहेर, बाकी घरी, असं कोणी केलंय का? खोललेली गाडी गॅरेजवाले घेतात, की "आधी जोडून आणा" म्हणतात? क्रँकची ऑइल सील घरी बदलायला मॅग्नेट पुलर (मॅग्नेट ओढून काढायचं हत्यार) भाड्यानं मिळतो का? अन् नवा रंग आरसीवर चढवायला आरटीओत किती चकरा लागल्या, तेही सांगा.