शब्दचर्चा : ‘आं प्रिमर’ला मराठीत काय म्हणावं?

अनुवादवही
फ्रान्समधल्या बोर्दोच्या तांबड्या वाइनवरचा एक लेख मराठीत करायचा आहे. त्यात ‘आं प्रिमर’ हा फ्रेंच शब्द पानोपानी येतो. इंग्रजीत त्यालाच ‘वाइन फ्यूचर्स’ म्हटलंय, म्हणून ‘वायदा’ हा शब्द जवळचा वाटतो. ‘आगाऊ नोंदणी’ आणि ‘पूर्वविक्री’ हेही सुचले आहेत. शिवाय ‘रिलीज’, ‘त्रांश’, ‘इन बाँड’ आहेतच. व्यवहार नेमका कसा चालतो ते कळलं तर शब्द ठरवता येईल.

तळघर
‘वायदा’ नकोच. वायदेबाजारात मागे एक्सचेंज असतं, थोडं मार्जिन भरून सौदा करता येतो आणि माल न उचलता तो मोडताही येतो. आं प्रिमरमध्ये यातलं काहीच नाही. पैसे सगळे आधी भरायचे, तेही एका व्यापाऱ्याकडे, आणि दोन वर्षांनी माल मिळेल हा भरवसा त्या व्यापाऱ्याचा. तो बुडाला तर मधे हमी घेणारं कोणी नाही.

‘आगाऊ नोंदणी’सुद्धा कमी पडतं. नोंदणी म्हटलं की थोडी रक्कम देऊन नंबर लावला असं वाटतं. इथे खरेदी पुरी होते, फक्त वाइन अजून लाकडी पिंपात मुरत असते.

एका वर्षाचा क्रम धरा. २०२३ ची द्राक्षं सप्टेंबर-ऑक्टोबरात तोडली. आंबवण आणि सालींसकट भिजवण मिळून तीन ते चार आठवडे. मग मॅलोलॅक्टिक, म्हणजे तीव्र मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्ल होणं. ते साधारण हिवाळ्यात उरकतं. जानेवारी-फेब्रुवारीत काबर्ने सोव्हिन्यों, मर्लो, काबर्ने फ्रां, पेती व्हर्दो या द्राक्षजातींच्या वाइनचं मिश्रण ठरतं. एप्रिल २०२४ मध्ये जगभरचे खरेदीदार आणि समीक्षक बोर्दोत येऊन पिंपातले नमुने चाखतात. त्यानंतर जूनपर्यंत एकेक शातो, म्हणजे द्राक्षमळा आणि वाइन करणारं घराणं, आपला दर जाहीर करतो. बाटल्या भरल्या जातात २०२५ मध्ये, आणि गिऱ्हाइकाच्या नावावर माल चढतो २०२५ च्या अखेरीस किंवा २०२६ मध्ये.

म्हणून माझा कौल ‘पिंपातली खरेदी’ला. विकणाऱ्याच्या बाजूने बोलायचं असेल तर ‘पिंपातली विक्री’.

शार्त्रों
‘पिंपातली खरेदी’ला माझाही पाठिंबा, पण दोन शेजारचे शब्द वेगळे ठेवा, नाहीतर भाषांतर घसरेल.

पहिला ‘व्हँ द प्रिमर’. ही त्याच वर्षी प्यायची कोवळी वाइन. बोजोले नुव्हो हे तिचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण, नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी बाजारात येते. ‘प्रिमर’ म्हणजे हंगामातली पहिली भाजी किंवा फळं, म्हणून दोन्हीकडे तोच शब्द. पण बोजोले नुव्हो लगेच प्यायची असते आणि बोर्दोची पिंपातली खरेदी दहा-वीस वर्षं ठेवायच्या वाइनची.

दुसरा ‘स्युर सूश’, वेलीवरचा सौदा. द्राक्षं तोडायच्या आधीच व्यापारी शातोचा सगळा माल ठरवून टाकत. विसाव्या शतकाच्या मध्यात बोर्दोत हे बरंच चालायचं. कोकणात आंब्याची बाग मोहोरावर देतात, तसाच हा सौदा: पीक कसं येईल ही जोखीम घेणाऱ्याची. आं प्रिमरमध्ये पीक घरात आलेलं असतं, वाइन झालेली असते, चाखताही येते. जोखीम उरते ती वाइन पुढे कशी मुरेल आणि दर कुठे जाईल याची.

‘रिलीज’चे दोन अर्थ आहेत. शातो दर जाहीर करतो त्याला फ्रेंचमध्ये ‘सॉर्ती’ म्हणतात. प्रत्यक्ष बाटल्या हातात पडणं वेगळं. पहिल्याला ‘दर फुटणं’, दुसऱ्याला ‘माल येणं’ म्हटलंत तर वाचकाचा घोळ होणार नाही. शातो लातूरचं (Latour, आपलं लातूर नव्हे, बोर्दोचं नामांकित शातो) उदाहरण इथे कामाला येईल. एप्रिल २०१२ मध्ये त्यांनी जाहीर केलं की २०११ च्या वाइननंतर आं प्रिमर बंद. आता ते वाइन स्वतःच्या तळघरात ठेवून, पिण्याजोगी झाली असं वाटल्यावरच विकतात. त्यांच्याकडे दर फुटणं आणि माल येणं एकत्रच होतं.

‘त्रांश’ म्हणजे मालाचा हप्ता. शातो पहिला त्रांश थोडा सोडतो, बाजाराची नाडी बघतो आणि दुसरा बहुधा चढ्या दराने सोडतो. ‘पहिली खेप, दुसरी खेप’ हे मराठीत सरळ बसतं.

अनुवादवही
शातो थेट गिऱ्हाइकाला का विकत नाही? लेखात ‘ला प्लास’ असा उल्लेख आहे, ती जागा आहे का?

शार्त्रों
जागा नव्हे, व्यापाराची साखळी. ‘ला प्लास द बोर्दो’. शातोकडून माल घेतो नेगोसियां, म्हणजे घाऊक व्यापारी. दोघांच्या मधे कुर्तिए, म्हणजे दलाल, त्याची दलाली २ टक्के. नेगोसियां आपला नफा लावून (साधारण १० ते १५ टक्के) लंडन, हाँगकाँग, न्यूयॉर्कच्या आयातदारांना देतो आणि तिथून माल गिऱ्हाइकाकडे. ‘अडत्या’ आणि ‘दलाल’ हे शब्द मराठी बाजारात रोजचे आहेत, पण नेगोसियांला अडत्या म्हणू नका. अडत्या दुसऱ्याचा माल कमिशनवर विकतो, नेगोसियां स्वतः विकत घेतो.

या साखळीचा दाब मात्र ध्यानात घ्या. नेगोसियांला दरवर्षी ठरावीक कोटा मिळतो. एखाद्या वर्षी त्याने नाकारला तर पुढच्या वर्षी कमी होण्याची भीती असते. त्यामुळे दर जास्त असले तरी तो उचलतो आणि माल त्याच्या गोदामात साचतो. १९९७ च्या वाइनचे दर गुणवत्तेच्या मानाने फार वर गेले होते. २०१० च्या अनेक नामांकित वाइन घेणाऱ्यांनाही पुढे कित्येक वर्षं मुद्दल सुटलं नाही. उलट २०१९ ची वाइन २०२० च्या साथीत विकायला आली, दर चांगलेच उतरवले गेले आणि ती खरेदी शहाणपणाची ठरली.

तळघर
चाखण्याच्या शब्दांबद्दलही लिहितो, कारण तिथे भाषांतरं सगळ्यात जास्त बिघडतात.

सहा महिन्यांची वाइन चाखताना ‘छान लागते का’ हा प्रश्न नसतो. ती छान लागतच नाही. टॅनिनला मराठीत ‘तुरटपणा’ हा नेमका शब्द आहे, त्याला ‘कडवटपणा’ करू नका. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना चिकटतं, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि तोंड कोरडं, खरखरीत वाटतं. ते स्पर्शाचं काम आहे. कडू ही चव आहे.

तुरटपणा किती आहे यापेक्षा कसा आहे हे बघायचं. घोट दहा सेकंद तोंडात फिरवा आणि थुंका. पिकल्या सालीचा तुरटपणा दाट पण बारीक पोताचा असतो, तोंडभर सारखा पसरतो. कच्च्याचा राठ असतो, हिरड्या ओढल्यासारख्या होतात आणि मागे हिरवट वास राहतो. राठ तुरटपणा पिंपात काही प्रमाणात निवळतो, पण हिरवटपणा जात नाही. मग घोटाचा मधला भाग: थुंकण्याआधी फळाची चव भरीव आहे की पोकळ? मधे पोकळ वाइन वर्षांनी भरत नाही. शेवटी चव किती वेळ रेंगाळते ते मोजा. आम्ल कमी आणि अल्कोहोल जास्त असेल तर घशात ऊब लागते; उष्ण वर्षांच्या मर्लोत हे हटकून तपासावं.

नमुन्याची स्वतःची दुखणी असतात, ती वाइनच्या माथी मारू नयेत:

– पिंपातून काढलेला नमुना नाजूक असतो. एक-दोन दिवसांत हवेने मरतो, फळ विझतं आणि चिरून ठेवलेल्या सफरचंदाचा वास येतो. काढल्याची तारीख विचारावी, शक्य असेल तर दुसरी बाटली मागावी.
– उलट कुजक्या अंड्याचा वास आला तर तो हवा न मिळाल्याचा. ग्लास जोरात फिरवला की बहुधा जातो.
– कॉफी, व्हॅनिला, भाजका वास सगळ्यावर चढला असेल तर नमुना कदाचित फक्त नव्या पिंपातला असेल. अंतिम वाइनमध्ये नवी आणि वापरलेली पिंपं किती ते विचारावं.
– नमुन्यात दाबून काढलेली वाइन, म्हणजे ‘व्हँ द प्रेस’, मिसळली आहे का? ती नंतर मिसळणार असतील तर अंतिम वाइन याहून तुरट होईल.
– वाइन थंडगार असेल तर तुरटपणा खोटाच कठीण लागतो. १६ ते १८ अंश बरे.

दिवसभरात चाळीस-पन्नास वाइन चाखताना तुरटपणा तोंडात साठत जातो, त्यामुळे दुपारनंतरची प्रत्येक वाइन राठ लागते. मधे पाणी, कोरडा पाव, आणि महत्त्वाच्या वाइन सकाळी. समीक्षक या टप्प्यावर शंभरपैकी नेमका आकडा न देता ‘९४–९६’ असा पल्ला देतात तो याच अनिश्चिततेमुळे. भाषांतरात तो पल्ला तसाच ठेवा, सरासरी काढू नका.

लंडनकर
‘इन बाँड’साठी ‘करमुक्त’ लिहू नका, ते चूक आहे. कर माफ होत नाही, पुढे ढकलला जातो. ब्रिटनमध्ये वाइन शुल्कबंद गोदामात असेपर्यंत अबकारी आणि व्हॅट लागत नाही. पेटी बाहेर काढली की अल्कोहोलच्या प्रमाणानुसार अबकारी आणि त्या अबकारीसकट सगळ्या रकमेवर २० टक्के व्हॅट. ‘शुल्क बाकी, गोदामात’ असं लिहिलं तर अर्थ पोचतो.

पावतीवर काय हवं तेही लेखात येऊ द्या, कारण फसगत तिथेच होते. शातोचं पूर्ण नाव, आणि मुख्य वाइन की त्याच शातोची कमी दर्जाची ‘दुसरी’ वाइन ते स्पष्ट. ‘कार्युआद द लाफीत’ ही शातो लाफीतची दुसरी वाइन, म्हणजे लाफीत नव्हे, आणि दोन्हींच्या दरात फार अंतर असतं. द्राक्षाचं वर्ष. बाटलीचा आकार आणि पॅकिंग: ‘६ × ७५ सेंटीलिटर’ की ‘१२ × ७५’, कारण एकाच पानावर दोन्ही दर असतात आणि सहाच्या पेटीचा दर बाराचा समजला जातो. माल कधी येणार. व्यापाऱ्याकडे नेगोसियांचा पक्का कोटा आहे की तो आधी विकून मग माल शोधणार आहे, हे लेखी विचारावं. माल आल्यावर पेटी व्यापाऱ्याच्या खात्यात न ठेवता गोदामात आपल्याच नावावर घ्यावी आणि तिचा रोटेशन नंबर, म्हणजे गोदामाने त्या मालाला दिलेला नोंद क्रमांक, मागून घ्यावा. व्यापारी बुडाला तर पेटी कोणाची हे त्या नोंदीवरून ठरवणं सोपं जातं.

अनुवादवही
मग सामान्य गिऱ्हाइकाने ही खरेदी करावी का? लेखक गोल बोलून सुटलाय.

लंडनकर
एकच तुलना करायची. नवा दर फुटला की त्याच शातोच्या, तितक्याच चांगल्या जुन्या वर्षाची बाटलीबंद वाइन आज काय दराने मिळते ते बघा. २०१४, २०१६, २०१९ ही वर्षं ताडून पाहायला सोयीची. मुरलेली वाइन नव्याइतक्याच किंवा कमी दरात मिळत असेल तर पिंपातली घेण्यात अर्थ नाही. दोन वर्षं पैसे अडकतात आणि गोदामाचं भाडं वर.

घ्यावी ती दोन प्रसंगी. बोर्दोतल्या पोमरोल भागातल्या छोट्या शातोंचा माल इतका थोडा असतो की नंतर सापडत नाही. आणि बाटलीचा आकार: दीड लिटरची मॅग्नम, तीन लिटरची डबल मॅग्नम किंवा सहा लिटरची अँपेरियाल हवी असेल तर बाटल्या भरण्याआधीच सांगावं लागतं. मुलाच्या जन्मवर्षाची मॅग्नम ठेवायची असेल तर ही पद्धत उत्तम.

भारतात आणायचा विचार असेल तर लेखात वेगळी ओळ टाका. प्रवाशाला शुल्काविना दोन लिटरपर्यंतच मद्य आणता येतं, म्हणजे एक मॅग्नम किंवा दोन साध्या बाटल्या. पेटी रीतसर आयात केली तर सीमाशुल्क, जे बरीच वर्षं १५० टक्के होतं, आणि त्यावर राज्याची अबकारी. शिवाय मुंबई-पुण्याच्या घरात उन्हाळा काढायचा तर १२ ते १४ अंशांचं वाइनचं कपाट हवंच. नाहीतर बूच सैल होऊन वाइन गळते.

अनुवादवही
आभार. ‘पिंपातली खरेदी’ घेतो, पहिल्या वेळी कंसात ‘आं प्रिमर’ देतो. ‘सॉर्ती’ला दर फुटणं, ‘त्रांश’ला खेप, ‘इन बाँड’ला शुल्क बाकी. ‘नेगोसियां’ तसाच ठेवून एकदा घाऊक व्यापारी असं सांगतो.

शार्त्रों
बरोबर. फक्त ‘कुर्तिए’ला नुसतं ‘दलाल’च लिहा, ‘मध्यस्थ’ नको. त्याला २ टक्के दलालीच मिळते, मालाला तो हात लावत नाही.