फ्लोअर मार्शल केलंय, नेमकं करायचं काय?

प्रश्न: अंधेरीत नवव्या मजल्यावर आमचं ऑफिस. एचआरने परवा नारिंगी जॅकेट नि शिट्टी हातात ठेवली, ‘आजपासून तुम्ही फ्लोअर मार्शल’. झालं प्रशिक्षण! अलार्म वाजला की मी काय करू?

उत्तर: सहा वर्षं हेच करतोय. आग विझवणं नव्हे, माणसं बाहेर काढणं हे आपलं काम. लिफ्टकडे कुणाला फिरकू देऊ नका. टॉयलेट, पॅन्ट्री, मीटिंग रूम स्वतः बघा. गेल्या ड्रिलला आमचा एक पठ्ठ्या हेडफोन लावून आत निवांत बसला होता! शेवटी निघताना दार ओढून घ्या, कुलूप नको. खाली डोकी मोजा. कोण राहिलं ते अग्निशमनवाल्यांना सांगा, स्वतः परत वर धावायचं नाही.

उत्तर: गुडघ्याचं ऑपरेशन झालेले, गरोदर बायका, यांच्यासोबत कोण ते आजच ठरवा. आणि बिल्डिंगचा जानेवारी-जुलैचा फॉर्म बी (आगीपासून बचावाची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) भरलाय का, विचारा. महाराष्ट्राच्या २००६ च्या आग प्रतिबंधक कायद्याने तो लागतोच.

उत्तर: आधी जिना उतरून बघा हो!

प्रश्नकर्ता: आत्ताच उतरून आलो. सातव्या मजल्याच्या वळणावर पाण्याचे रिकामे जार. सतरा मोजले. आग-धूर अडवणाऱ्या फायर डोअरला चहावाल्याने ते उघडं राहावं म्हणून पाचर मारलेली, ती काढून खिशात घातलीय.