जुना ट्रेंच कोट 8 हजारांत: घ्यावा का? (सोलापूर)

चादरवालं_पोर
नमस्कार मंडळी. जुने डिझायनर कपडे जमवायला सुरुवात करतोय, पहिलीच खरेदी आहे. ऑनलाइन एकाकडे बरबेरीज या ब्रिटिश कंपनीचा खाकी ट्रेंच कोट (कमरेला पट्टा असलेला लांब पावसाळी कोट) 7,500 ला आहे. तो म्हणतो 80 च्या दशकातला. फोटोत लेबल, चौकडीचं अस्तर आणि पट्टा दिसतोय. बजेट 8,000, त्याच्या वर एक रुपया नाही. खरा कसा ओळखायचा, काय तपासायचं, आणि सोलापुरात ठेवायचा कसा?

सातरस्ता
मे महिन्यात पारा 44 ला आणि तू ट्रेंच कोट घालणार बे? गड्ड्याच्या जत्रेत चार दिवस घालशील, बाकी वर्षभर पेटीत.

बिगई_भक्त
कोट सोड. लिवाइसचं टाइप थ्री (त्यांचा एक जुना नमुना) डेनिम जॅकेट बघ, तेच खरं जमवण्यासारखं. खिशावरच्या लाल पट्टीवर नावातला ई मोठ्या लिपीत असेल तर 1971 च्या आधीचं. बाजूला हात घालायचे खिसे असतील तर 80 च्या दशकातलं किंवा नंतरचं. 20-25 हजार बाजूला ठेव आणि थांब.

चादरवालं_पोर
बजेट 8 आहे हो.

उभा_आडवा
बिगई, अर्धंच सांगितलंत. कंपनी स्वतःच जुन्या नमुन्यांच्या नकला काढते आणि त्यांच्यावरही मोठा ई असतो. बटणाच्या मागच्या बाजूला आकडा बघायचा. 555 असेल तर तो सॅन फ्रान्सिस्कोच्या व्हॅलेन्सिया स्ट्रीटवरच्या कारखान्याचा, म्हणजे बहुतेक नंतरची नक्कल. आठ हजारांत मोठा ई दिसला की आधी बटण उलटं करा.

आता कोटाबद्दल. 1999 मध्ये बरबेरीज कंपनीने नावातला शेवटचा 'स' (इंग्रजी एस) काढून 'बरबेरी' केलं. लेबलवर 'बरबेरीज' असेल तर कोट त्याआधीचा, एवढंच. त्यावरून 80 चं दशक ठरत नाही, आणि नकली माल शिवणाऱ्यालाही 'स' शिवता येतो. म्हणून विक्रेत्याकडून हे फोटो मागवा: पाठीच्या मधल्या शिवणीवर अस्तराची चौकट जुळते का, आतलं धुण्याच्या सूचनांचं लेबल, त्यावर कापडात कोणता धागा किती टक्के ते, पट्ट्याच्या बकलवरचं चामडं, कॉलरची घडी आणि बाहीची टोकं. झिजतो तो कोट याच दोन जागी. घडीवर पांढरट रेघ दिसली तर धागा तुटायला लागलाय, ती दुरुस्त होत नाही.

सातरस्ता
एवढे फोटो कोण विक्रेता देतोय? माझ्या ओळखीच्या एकाने मागितले तर थेट ब्लॉक केलं.

उभा_आडवा
मग उत्तर मिळालं की. तिथून घ्यायचं नाही.

पदर_निऱ्या
सगळेच परदेशाच्या मागे लागलेत. आपल्याकडचे डिझायनर बघा: रितू कुमारचं काम 1969 पासूनचं, सत्य पॉलचं लेबल 1985 चं, मुंबईत 'आँसाम्ब्ल' हे डिझायनर कपड्यांचं दुकान 1987 मध्ये सुरू झालं. त्या काळातल्या छापील सिल्क आणि क्रेपच्या साड्या अजून आठ हजारांत सापडतात, आणि सोलापूरच्या उन्हात नेसताही येतात. फक्त घडीची रेघ उजेडात धरा. दोन अंगठ्यांमध्ये हलकं ताणल्यावर बारीक कर्र आवाज आला तर सिल्क मेलंय. ती साडी कपाटात ठेवा, नेसू नका.

आणि घाई करा. सब्यसाची या डिझायनरच्या कंपनीत 2021 ला आदित्य बिर्लाने 51 टक्के घेतले, त्याच वर्षी रितू कुमारमध्ये रिलायन्स आली. मोठ्या कंपन्या शिरल्या की जुन्या लेबलचे भाव चढतात.

बिगई_भक्त
कंपनी विकली म्हणून जुन्या साडीचा धागा बदलतो का? भाव चढेल हा नुसता अंदाज.

पदर_निऱ्या
धागा नाही, लेबल बदलतं. जुनं लेबल संपलं की तेच शोधलं जातं. तुमच्या मोठ्या ई चं काय झालं?

जुनी_जर
डिझायनर राहू द्या, घरातल्या पेट्या उघडा. बोहारणीला भांड्यावर दिलेल्या साड्यांत खऱ्या जरीचे पदर गेले. पुढे ते जाळतात आणि चांदी काढतात. ओळख सोपी. खऱ्या जरीत चांदीची तार रेशमाच्या धाग्यावर गुंडाळलेली असते. जरीची तार खरवडल्यावर खाली लाल धागा आणि वर पांढरी चमक दिसली तर चांदी, तांबूस दिसली तर तांबं. नकलीत तांबं किंवा प्लास्टिकच.

चादरवालं_पोर
चर्चेचा धागा कोटाचा आहे, जरीचा नाही.

कसरनाशक
ठेवण्याचं सांगतो. कोट प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नाही, कोंदट हवेत डाग येतात. जुना मांजरपाट दोनदा गरम पाण्यात धुऊन खळ काढा, त्यात गुंडाळा. वेखंडाची पुरचुंडी जवळ ठेवा, कापडाला टेकवू नका. डांबर गोळ्या आणि कापूर एकत्र कधीच नको. दोन्ही वितळून एकमेकांत मिसळतात आणि कापडावर तेलकट डाग पडतो. नाहीतर कसर कोट खाऊन टाकते.

उभा_आडवा
कसर या कोटाचं गॅबर्डीन, म्हणजे बाहेरचं घट्ट विणीचं कापड, खात नाही. ते बहुतेक सुती असतं किंवा सुती-पॉलिस्टर मिश्र. कसरीची अळी लोकर, रेशीम, केस खाते. पण या कोटांना आतून बटणांनी लावायचं लोकरीचं जादा अस्तर यायचं, ते हमखास खाल्लेलं असतं. विक्रेत्याला विचारा, आहे की हरवलंय. असेल तर हवाबंद पिशवीत घालून घरच्या डीप फ्रीझरमध्ये उणे 18 ला दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी 24 तास उघडू नका, नाहीतर बाहेरची वाफ कापडावर बसते.

शिवणयंत्र
माप कुणी सांगितलंच नाही. या कोटाला बऱ्याचदा रॅगलन बाही असते, म्हणजे बाहीची शिवण खांद्यावर नसून कॉलरपासून बगलेपर्यंत जाते, त्यामुळे खांद्याचं माप मागून उपयोग नाही. पाठीमागे कॉलरखालच्या मध्यापासून बाहीच्या टोकापर्यंत मोजायला सांगा. कोट सपाट ठेवून बगल ते बगल मोजा, दुप्पट करा. तो आकडा तुमच्या छातीच्या घेरापेक्षा 12 ते 16 सेंमी जास्त हवा, शर्टावरून घालायचा असतो.

आणि सोलापुरात युनिफॉर्मचे कारखाने आहेत म्हणून कोट तिथे नेऊ नका. ते ओव्हरलॉक (कापडाची कड गुंफणारी मशीनची शिवण) मारतात, आणि ओव्हरलॉकची सुरी शिवणीतलं जादा कापड कापून टाकते. ते एकदा गेलं की कोट परत मोठा होत नाही. जुन्या भोकांतूनच हाताने टीप घाला.

सातरस्ता
शेवटी घेणार काय? साडी घे, ऊन सोसेल.

बिगई_भक्त
जॅकेट.

पदर_निऱ्या
साडी. आधीच सांगितलंय.

चादरवालं_पोर
कोट घेतला. 7,200 ला पडला. लेबलवर 'स' आहे, पाठीची चौकट अर्धा सेंमी चुकलेली आहे. आतलं लोकरी अस्तर हरवलंय, म्हणजे फ्रीझरचा प्रश्न मिटला. डाव्या बगलेखाली वाटाण्याएवढं भोक आहे. नवी पेठेत हाताने रफू करणारा कुणी माहितीय का?

शिवणयंत्र
रफूवाल्याला बाजारचा धागा वापरू देऊ नका. खालच्या दुमडीतून त्याच कापडाचे उभे आणि आडवे धागे काढा, साधारण 8 सेंमीचे, आणि रंग उडाला नसेल तर तेच द्या. चौकट अर्धा सेंमी चुकलीय ते मात्र मला आवडलं नाही. खिशाच्या आतलं कापड बघितलंत का?

चादरवालं_पोर
नाही बघितलं. आता उघडतो.