तिसरीत रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवायची का?

ऐरोलीचा पालक: ठाणे-नवी मुंबईच्या पालिका शाळांत तिसरी-चौथीच्या मुलांचे रोज तासभर पातळीनुसार गट करावेत, असं माझं ठाम मत. अक्षरं ओळखणारी एकीकडे, शब्द वाचणारी दुसरीकडे, परिच्छेद वाचणारी तिसरीकडे. हे परदेशी खूळ नाही. 'प्रथम' या स्वयंसेवी संस्थेच्या बालसखी कार्यक्रमात मुंबई आणि वडोदऱ्यात वस्तीतल्याच मुली मागे पडलेल्या मुलांना रोज दोनेक तास वेगळं शिकवत. बॅनर्जी-डुफ्लो या अर्थतज्ज्ञांच्या गटाने ते मोजलं, २००७ मध्ये निष्कर्ष छापले. मुलांचे गुण वाढले होते.

घणसोलीची बाई: मी शिकवते, म्हणून विरोध करते. गटाला 'चाफा' म्हणा की 'मोगरा', आपण 'ढ' गटात आहोत हे पोरांना आठवड्यात कळतं. आणि तास आणायचा कुठून? सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामं आहेतच. तोच अभ्यास पुढेही वाचा: कार्यक्रम संपल्यावर वर्षभरात बराचसा फायदा ओसरला.

ऐरोलीचा पालक: बाई, ओसरला हे खरं, पण सगळा नाही. बंद केल्यावर ओसरतो म्हणूनच तो बंद करू नये. बिहारमध्ये या पद्धतीचं नुसतं साहित्य वाटून काही हललं नाही. हरियाणात नेहमीच्याच शिक्षकांना राखीव तास दिला, वरून देखरेख ठेवली, तेव्हा वाचन सुधारलं. गणित मात्र नाही, तेही सांगतो.

कळव्याची आजी: गट करा नाहीतर करू नका, त्या तासात शिकवणार काय? आज अख्खी बाराखडी घोकून झाल्याशिवाय मुलाच्या हाती एक शब्द देत नाहीत, ते चुकतं. क, म, ल, र आणि काना एवढंच आधी द्या. काम, कमल, लाल, मका, कमाल: पहिल्याच आठवड्यात पोर स्वतः वाचतं. पाढ्यांचंही तेच. आधी दहा-दहा काड्यांचे गठ्ठे बांधू द्या, मग पाठांतर. पाठांतर हवंच! सात आठे छप्पन्न जिभेवर नसेल तर भागाकारात सगळं डोकं तिथेच अडकतं.

घणसोलीची बाई: आजी, अगदी पटलं, आणि म्हणूनच माझा विरोध कायम. हे सगळं पहिलीचं काम. केंद्राच्या 'निपुण भारत' अभियानाने २०२१ मध्ये वाचन-गणितासाठी तिसरीअखेरचं उद्दिष्ट ठेवलं, तेव्हापासून सगळी धावपळ तिसरीत. जादा शिक्षक पहिलीला द्या, दिवाळीआधी प्रत्येक मुलाला समोर बसवून वाचून घ्या.

ऐरोलीचा पालक: जरूर द्या. पण आज चौथीत बसलेल्या, जोडाक्षराशी अडखळणाऱ्या मुलाला काय सांगायचं?