राहतं घर संस्थेला द्यायचं, पण शेवटपर्यंत तिथंच राहायचं: बक्षीसपत्र की मृत्युपत्र?

गंगापूररोडकर
मूलबाळ नाही, किंवा मुलं परदेशी आणि त्यांना इथलं घर नको. अशांनी हयातीतच धर्मादाय संस्थेच्या नावे नोंदणीकृत बक्षीसपत्र करावं आणि त्यातच आजीव राहण्याचा हक्क राखून ठेवावा. ताबा सोडावा लागतो हा गैरसमज आहे. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२३ प्रमाणे दात्याची सही, दोन साक्षीदार आणि नोंदणी पुरते. ताबा देणं आवश्यक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केलंय. मृत्युपत्राला पुतणे-भाचे हरकत घेतात तेव्हा उत्तर द्यायला दाताच नसतो.

पंचवटीकर
साफ असहमत. बक्षीसपत्र मनात आलं म्हणून मागे घेता येत नाही, आणि ‘वाटेल तेव्हा रद्द करीन’ अशी अट घातली तर कलम १२६ प्रमाणे बक्षीसच निरर्थक ठरतं. आज पासष्टीत सही केली. पंच्याऐंशीत विश्वस्त कोण असतील? खर्चही बघा. जोडीदार, मुलं, नातवंडं यांना राहतं घर देताना मुद्रांक २०० रुपये. संस्थेला ती सवलत नाही, खरेदीखतासारखी आकारणी धरूनच चाला. आणि ८०जीची (देणगीवरची प्राप्तिकर) वजावट पैशाच्या देणगीलाच मिळते, घराला नाही. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, ते कितीदाही बदलता येतं, आणि नाशकातल्या मिळकतीला प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून सिद्ध करून घेण्याची, सक्ती नाही.

गंगापूररोडकर
विश्वस्त बदलले तरी घर परस्पर विकता येत नाही. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. चूक होते ती दुसरीकडे. दस्त होतो, पण संस्था धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज देतच नाही, आणि घर परिशिष्ट १ वर, म्हणजे संस्थेच्या तिथल्या नोंदीत, चढत नाही. त्या अर्जाची मुदत ९० दिवस. दात्याने त्या उताऱ्याची प्रत मागून घ्यावी. दस्ताआधी विश्वस्त मंडळाचा स्वीकृतीचा ठरावही हवा. दाता हयात असताना स्वीकार झाला नाही तर बक्षीस पूर्णच होत नाही.

जुने_नाशिक
दोघेही दस्ताच्या प्रकारावर भांडताय, खरी गोम शब्दांत आहे. नुसतं ‘राहण्याचा हक्क’ लिहिलं तर तो व्यक्तिगत हक्क. घर भाड्याने देता येणार नाही. उद्या खुब्याचं हाड मोडून वृद्धाश्रमात जावं लागलं तर तिथली फी कुठून? म्हणून ‘राहण्याचा, भाड्याने देण्याचा आणि भाडं घेण्याचा हक्क, पती-पत्नीपैकी मागे राहणाऱ्याच्या मृत्यूपर्यंत’ असं लिहा. घर एकाच्याच नावावर असेल तर हे शेवटचे शब्द फार महत्त्वाचे. घरपट्टी, पाणीपट्टी, सोसायटीचा मेंटेनन्स दात्याकडे. स्लॅबची गळती, कॉलमची दुरुस्ती संस्थेकडे. हे सुटलं की गळक्या छताखाली पत्रव्यवहार चालू राहतो. पुनर्विकास आला तर सह्या कोणाच्या आणि तोवरचं भाडं कोणाला, तेही घाला.

वाड्यांचं प्रकरण वेगळंच. मिळकत पत्रिकेवर वारलेल्या काकांची नावं, खाली जुने भाडेकरू, वर गोदावरीची निळी पूररेषा, जिच्या आत बांधकामावर बंधनं. अविभक्त वडिलोपार्जित वाडा एकट्याने देऊन टाकता येत नाही. सिडकोचं घर असेल तर आधी भाडेपट्टा वाचा.

पंचवटीकर
शब्दांचं पटलं, तरी वारस नसलेल्या माणसाला मी मृत्युपत्रच सांगेन. ज्याला लाभ, त्याला त्यात साक्षीदार मात्र करू नका: संस्थेचा विश्वस्त साक्षीला नको, फॅमिली डॉक्टर हवा, आणि त्याच दिवसाचा मानसिक स्वास्थ्याचा दाखला सोबत. निष्पादक, म्हणजे मृत्युपत्र अमलात आणणारा, संस्थेबाहेरचा नेमा. मुस्लिम दात्याला मात्र वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त मृत्युपत्राने देता येत नाही.

गंगापूररोडकर
आणि दात्याचा भाचा सहा महिन्यांनी दुसरं, नंतरच्या तारखेचं मृत्युपत्र घेऊन उभा राहिला तर? शेवटचं तेच खरं धरतात. बक्षीसपत्रावर तशी कुरघोडी करता येत नाही. मी तिथून हलणार नाही.