'हारून'मधला खट्टम-शूद कारकुनासारखा का दाखवलाय?

अंबडचा मास्तर: सातवीच्या पोरांना सलमान रश्दींचं 'हारून अँड द सी ऑफ स्टोरीज' (1990) मराठीतून सांगायलोय, दुपारच्या खिचडीनंतर थोडं थोडं. भर प्रचारसभेत हारूनचा बाप, गोष्टी सांगणारा रशीद, तोंड उघडतो आणि गोष्टीऐवजी नुसतं 'आर्क, आर्क' निघतं, तिथं पोरं लोळली हसून. आता गॅदरिंगला एक प्रवेश बसवायचाय. पोरांना खट्टम-शूद शिंगं लावलेला राक्षस पाहिजे. पुस्तकात बघावं तर हडकुळा, कुरकुऱ्या कारकून! गोष्टींच्या अख्ख्या दर्यात विष कालवणारा माणूस इतका मिळमिळीत काहून? आणि चूप, म्हणजे खट्टम-शूदचा अंधारा मुलूख, तिथल्या लोकांची सावली अंगापासून सुटते, ती स्टेजवर कशी दाखवू?

शेवटचा बाक: हारूनच्या जागी उभं राहून बघा सर. त्याची आई वरच्या मजल्यावरच्या सेनगुप्ताबरोबर निघून गेली. तो सेनगुप्ता कारकूनच, आणि 'ज्या गोष्टी खऱ्याच नाहीत त्यांचा उपयोग काय?' हे आधी तोच म्हणालेला. पोराला वैऱ्याचं दुसरं तोंड दिसणार तरी कसं?

गोदाकाठची: मी पैठणची, त्यामुळं मध्ये बोलणारच. हारून हाउसबोटीवर झोपतो, तिथल्या कपाटात 'कथासरित्सागरा'ची पुस्तकं असतात. ते अकराव्या शतकातलं, काश्मीरच्या सोमदेवाचं. पण त्याचं मूळ गुणाढ्याची 'बृहत्कथा', आणि गुणाढ्य सातवाहनाच्या दरबारातला, म्हणजे आमच्या प्रतिष्ठानचा, आताच्या पैठणचा! आख्यायिका अशी, की त्यानं सात लाख श्लोक पैशाची नावाच्या जुन्या प्राकृत भाषेत, स्वतःच्या रक्तानं लिहिले. राजानं नाक मुरडलं. मग गुणाढ्य रानात जाळ करून बसला. एकेक पान जनावरांना वाचून दाखवायचा आणि आगीत टाकायचा. हरणं, रानडुकरं चरायचं सोडून आसवं गाळत ऐकत राहिली. इकडं राजाच्या ताटात वाळकं मांस यायला लागलं, राजा आजारी पडला, तेव्हा कुठं चौकशी! तोवर सहा लाख श्लोकांची राख झालेली. आता सांगा, ह्यात राक्षस कुठाय? गादीवर बसून 'नको' म्हणणारा एक माणूस पुरला. तुमच्या खट्टम-शूदला शिंगं नकोत, बगलेत फाईल द्या. पोरं अगदीच रुसली तर जहाजावर तो क्षणभर अनेक डोक्यांचा अक्राळविक्राळ होतो, तेवढी हौस भागवा.

सांजवेळ: सगळं खापर खट्टम-शूदवर फोडू नका. गोष्टींचा दर्या आहे त्या कहाणी नावाच्या चंद्रावर चूपच्या समोरचा मुलूख गुप; त्या गुपवाल्यांनीच यंत्रं लावून चंद्राचं फिरणं ताब्यात ठेवलेलं: आपल्याकडं कायमचं ऊन, चूपकडं कायमची रात्र. गप्पिष्ट मंडळी म्हणून आपण त्यांना मोकळं सोडतो. मला पुस्तकातला सगळ्यात सरस माणूस वाटतो तो चूपचाच मुद्रा. तोंडानं बोलत नाही, हातांच्या खुणांनी बोलतो, आणि स्वतःच्या सावलीशी त्याची दोस्ती आहे. तुमच्या वर्गात एखादं अबोल पोरगं असेल तर त्यालाच हे काम द्या.

सावलीचं सोपंय. पांढरं धोतर ताणून बांधा, मागं हॅलोजन. मुद्रा पडद्यापुढं, सावलीचा पोरगा पडद्यामागं. दोघांच्या हालचाली आधी एकसारख्या बसवा, मग हळूच सावलीला मागं पडू द्या.

अंबडचा मास्तर: झकास! अबोल पोरगं आहे, खो-खोत कुणाला सापडत नाही. फाईल शाळेतलीच जुनी घेतो. ते आगीचं पान मात्र उद्याच वर्गात सांगतो, नाटकाच्या आधी. हॅलोजन मंडपवाल्याकडं मिळेल, पण गॅदरिंगच्या टायमाला लाईट गेली तर काय करायचं, तेही कुणी सुचवा.

शेवटचा बाक: कंदील ठेवा दोन. सावली जास्त हलते, उलट बरं.