मदत हवी आहे: सगळी वाक्यं 'होता-होती'वर संपतायत

सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेतल्या नंदीध्वजांवर (मिरवणुकीत तोलून नेतात त्या उंच, सजवलेल्या काठ्या) ललित लेख लिहितोय, मर्यादा 600 शब्द. वर्णन एकाच चालीत येतंय. उदा. "बाराबंदी घातलेला तरुण काठी कमरेवर तोलत होता. घामाने पट्टा भिजला होता. बाजूला हलगी वाजत होती."

मोठ्याने वाचून पाहिलं. वर्तमानकाळ करून पाहिला, तर क्रिकेटची कॉमेंट्री वाटायला लागली. आधी 'समुद्राच्या लाटेसारखे डोलणारे नंदीध्वज' असंही होतं, ते खोडलं. सोलापुरात कसला आलाय समुद्र!

'लई', 'बे' फक्त संवादात आहेत, ते राहतील. निवेदन प्रमाणभाषेत आणि भूतकाळातच हवंय.

मग क्रियापद वाक्याच्या मध्ये आणू, की दोन-तीन वाक्यं जोडून एक लांब वाक्य करू? वरच्याच तीन वाक्यांवर कुणी करून दाखवेल का?